वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांसाठी

ग्रील-गेटच्या दुकानात नवा मुलगा आला की आपण त्याला पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकाच्या कामाला लावतो. हे बरे नव्हे. आधी भंगारातल्या ५-६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीवर त्याचा हात बसू द्यावा. ३.१५ मिलिमीटरच्या साध्या रॉडला ९० ते १२० अँपिअर करंट पुरतो. रॉडचे टोक पट्टीपासून रॉडच्या जाडीइतकेच वर धरावे. करंट कमी पडला तर रॉड चिकटतो, जास्त झाला तर पत्र्याला भोक पडते. काळ्या काचेशिवाय क्षणभरही पाहू देऊ नये. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. जीआय पाइपवरचे जस्त आधी घासून काढावे, त्याचा धूर घातक असतो. आईबापांनी सोपवलेला मुलगा ही उस्तादाकडची अमानत आहे. हुनराबरोबर त्याचे डोळेही आपणच सांभाळायचे आहेत.