पारा ३८, मग घाबरायचं कशाला?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी त्या भागातलं कमाल तापमान होतं सुमारे ३८ अंश. चंद्रपूरचा माणूस या आकड्याला हसेल. शहापूर-मुरबाडकडेही ‘एवढं ऊन तर दर साल असतं’ असं म्हणणारे कमी नाहीत. पण खारघरला आलेले लोक मजुरी करत नव्हते, बसून होते.

पाऱ्यावरून उन्हाचा धोका कळतो, हा पहिला गैरसमज. शरीराचा सगळा हिशेब घाम वाळण्यावर चालतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून मातीत पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम होते, म्हणजे उष्णता उलटी अंगात शिरायला लागते. तेव्हा घामाशिवाय दुसरा आधार उरत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजलं, तर ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची विदर्भातली दुपार २५ च्या आसपास भरते. ३७ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची कोकणपट्टीतली दुपार २८ च्या पुढे जाते, म्हणजे तिथे घाम वाळणं जास्त अवघड. हवामान खातं किनारी भागात ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, ते उगीच नाही.

कामगारांसाठी जगभर वापरला जाणारा उष्णतेचा निर्देशांक तर आणखी बोलका आहे. १९५७ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तो मांडला गेला. उघड्यावरच्या कामासाठी त्यात ओल्या फडक्याच्या पाऱ्याला सात दशांश वजन असतं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला दोन दशांश आणि बातम्यांत सांगतात त्या तापमानाला फक्त एक दशांश. वीटभट्टीच्या तोंडाशी किंवा पेटलेल्या राबाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला सांताक्रूझ वेधशाळेचा आकडा म्हणूनच फारसं काही सांगत नाही.

आता सगळ्यात चिवट समज: ‘आदिवासी माणसाला ऊन लागत नाही, अंगाला सवय असते.’ यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो घातक आहे. सवय होते, आणि ती मोजता येते. रोज उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो, नाडी कमी धावते, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे ज्ञान दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींनी मजुरांचे जीव गेल्यावर मिळवलं. पण ही सवय जातीत किंवा रक्तात नसते. काही आठवडे उन्हापासून दूर राहिलं की ती उतरते. तापातून उठलेला, बाळंतपणानंतर कामावर परतलेली, दिवाळीपासून घरी बसून एप्रिलमध्ये भट्टीवर गेलेला पोरगा, हे सगळे नवखेच. अमेरिकेत उघड्यावर काम करताना उष्णतेने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त कामाच्या पहिल्या काही दिवसांतले आहेत. तिथला शिफारस केलेला नियम असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवायचं. अंगावर उचल घेतलेल्या कातकरी कुटुंबाला हा नियम कोण लावणार, हा प्रश्न शरीरशास्त्राचा नाही.

शिवाय सवय झालेल्या अंगाला पाणी कमी नाही, जास्त लागतं, कारण घामच जास्त येतो. भातसा आणि तानसा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत, त्या शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे म्हणजे टँकरचे महिने. हंडा डोक्यावरून आणायचा, आडोसा नाही म्हणून दिवसभर कमी प्यायचं, असं करणाऱ्या बाईच्या अंगाची सवय तिच्याच विरुद्ध काम करते. उन्हातल्या कामाच्या पुस्तकांतल्या मर्यादा मुख्यतः सैनिक, खाणमजूर आणि तरुण धडधाकट स्वयंसेवकांवरून ठरल्या आहेत. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्याने कामाआधी आणि कामानंतर वजन, लघवीची घनता, गिळायच्या थर्मामीटर-गोळीने पोटातलं तापमान एवढं जरी इथल्या बायांचं मोजलं, तरी या मर्यादा त्यांना कितपत लागू पडतात ते दिसेल.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात, त्या कांद्याबद्दल फार लिहायला नको. तो खावा.

‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हे मात्र जिवावर बेतणारं आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खरी खूण डोक्याची: बरळणं, झोकांड्या, ओळख न पटणं, फिट. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. तापाची गोळी इथे चालत नाही. तापात मेंदूने स्वतःच तापमान वर ठरवलेलं असतं आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूने काही ठरवलेलंच नसतं. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, असेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि पाऊस आला की धोका टळला, असंही नाही. जूनमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा, आवणीच्या दिवसांत उघडीप पडते तेव्हा, आणि ऑक्टोबरात भातकापणीला, पारा ३३-३४ वर असला तरी हवा घाम वाळू देत नाही.