सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति : केव्हां घ्यावी, केव्हां घेऊं नये

विसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठीं यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी सुमारें ११३ किलोमीटरांची रेल्वे घालण्यांत आली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर हा मोठा लोहमार्ग लागे. त्याची रुंदी दुपटीहून अधिक. त्यामुळें यवतमाळचा डबा तसाच पुढें जाऊं शकत नसे. त्यांतील माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. लोकांच्या तोंडीं ‘शकुंतला’ या नांवानें रुळलेली ही गाडी मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढीत होतें. सत्तर वर्षें झालीं तरी केवळ जुनें म्हणून तें इंजिन निकामी ठरलें नाहीं. मूर्तिजापूरला मालाचा खोळंबा होई तो इंजिनाच्या वयामुळें नव्हे, तर रुळांच्या अंतरामुळें होय.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति पैसे देऊन घ्यावी कीं नाहीं, या आजच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना हा भेद फार उपयोगी पडतो. वणी, पुसद, दिग्रस येथील बाजारपेठांत आज अनेक दुकानांतून चोपडीची जागा संगणकानें घेतली आहे. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनीं १९८६ सालीं ज्याचा आरंभ केला तें ‘टॅली’ हें हिशेबाचें सॉफ्टवेअर तर देशभर रूढ झालें आहे. त्याचा कायमचा परवाना एकदां विकत घेतां येतो. परंतु पुढच्या आवृत्त्या मिळत राहाव्या यासाठीं निराळें वार्षिक शुल्क भरावें लागतें. शुल्क न भरल्यास हातीं असलेली आवृत्ति चालूच राहते, नवी मात्र मिळत नाहीं. साहजिकच दर वर्षीं शुल्काची वेळ आली कीं दुकानदार विचारांत पडतो.

अशा वेळीं दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, नवें तें सोनें; दुसरा म्हणतो, चाललें आहे तें चालूं द्यावें. दोघेही इंजिनाकडे पाहतात, रुळांकडे कोणीच पाहत नाहीं. खरा पहिला प्रश्न असा कीं, आपला माल कोणाच्या रुळांवर जावयाचा आहे?

या दृष्टीनें पाहतां नव्या आवृत्तींतील बदल तीन प्रकारचे असतात. पहिला बदल रूपाचा. पडद्यावरील रंग बदलले, कळींच्या जागा बदलल्या, कांहीं कामें थोडीं सुलभ झालीं. यासाठीं पैसे देणें हा केवळ आवडीचा प्रश्न होय. दुसरा बदल आंकड्यांचा. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं वस्तु व सेवा कराचे दर बदलले आणि १२ व २८ टक्क्यांच्या पायऱ्यांवरील बहुतेक वस्तु इतर दरांखालीं गेल्या. असे दर जुन्या आवृत्तींतही हातानें बदलतां येतात. त्यासाठीं एक दुपार पुरते. तिसरा बदल पद्धतीचा. १ जुलै २०१७ रोजीं हा कर प्रथम लागू झाला तेव्हां बिलाचें स्वरूप, पत्रकें, कराची विभागणी, सारेंच पालटलें. त्या दिवशीं रुळांचें अंतरच बदललें. जुन्या आवृत्तीला चिकटून राहणाऱ्यास प्रत्येक आंकडा एकदां आपल्या संगणकांत आणि पुन्हां सरकारी पत्रकांत, असा दोनदां लिहिणें भाग पडलें. मूर्तिजापूरची हमाली ती हीच.

पद्धतीचा बदलही सर्वांना सारखा लागू होत नाहीं. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदारानें त्यावरील कर स्वतः भरावा, असा नियम १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. जिनिंगवाल्याचें सॉफ्टवेअर ही उलटी नोंद करूं शकत नसेल तर तें त्याच्या कामाचें नाहीं. किराणा दुकानदाराला या सोयीचें कांहींच मोल नाहीं. त्याचप्रमाणें १ ऑगस्ट २०२३ पासून पांच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्यास केलेल्या विक्रीचें बिल शासनाच्या यंत्रणेकडे नोंदवून घ्यावें लागतें. रुईच्या गाठी विकणारा कारखाना ही मर्यादा सहज ओलांडतो. गल्लींतील कापडदुकान बहुधा ओलांडीत नाहीं.

एका बाबतींत मात्र अनेकांची फसगत होते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनें प्रत्येक नोंदींतील फेरफाराचा माग तारखेसह राखला पाहिजे, आणि ही सोय बंद करतां येतां कामा नये, असा नियम आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला किंवा साध्या भागीदारीला तो लागू नाहीं. परंतु शेतकरी उत्पादक कंपनी ही, तिचे सभासद कितीही लहान शेतकरी असले तरी, कायद्यानें कंपनीच होय. ‘आपली उलाढाल ती किती’ असें म्हणून तिनें हा खर्च टाळला, तर लेखापरीक्षकाचा शेरा ओढवतो आणि तिची पत धोक्यांत येते. येथें काटकसर महाग पडते.

जेथें कायद्याची सक्ति नाहीं तेथें साधा हिशेब मांडावा. समजा, वार्षिक शुल्क ५,००० रुपये आहे आणि मुनिमाचा पगार महिना १५,००० रुपये. पंचवीस दिवस, रोज आठ तास धरल्यास त्याचा तास ७५ रुपयांना पडतो. नवी पद्धत हातवळणीं पडण्यास त्याचे वीस तास गेले, तर १,५०० रुपये आणखी खर्ची पडले. एकूण ६,५०० रुपये, म्हणजे सुमारें ८७ तास. नवी आवृत्ति महिन्याला सात तासांहून अधिक वांचवीत असेल तरच ती पहिल्या वर्षीं परवडली. दोन आठवडे वही घेऊन पुन्हां पुन्हां लिहिण्याचीं कामें किती वेळ खातात तें टिपून ठेवावें. विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षां ही टिपणवही अधिक खरें बोलते.

या हिशेबांत एक छुपा खर्च राहून जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ची नेहमींची विनामूल्य देखभाल संपली. ‘विंडोज ११’ तिच्या धारकांना विनामूल्य मिळे. परंतु अनेक जुने संगणक तिच्या अटींत बसत नाहींत. तेथें सॉफ्टवेअर फुकट आणि यंत्र विकत, असा व्यवहार होतो. ज्या संगणकावरून पेढीचे किंवा घरचे बँकव्यवहार चालतात, त्याच्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या थांबल्या असतील तर तो बदलणें ही चैन नव्हे. केवळ पत्रें लिहिण्यासाठीं, जाळ्याला न जोडतां ठेवलेला जुना संगणक मात्र आणखी कांहीं वर्षें सुखेनैव वापरावा.

घेण्याचें ठरलें तरी वेळ पाहावी. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या दारांत उभ्या असतां हिशेबाची पद्धत बदलणें म्हणजे भर पेरणींत बैल विकण्यासारखें आहे. हें काम हंगाम ओसरल्यावर करावें. आधीं सर्व नोंदींची प्रत निराळ्या ठिकाणीं काढून ठेवावी. कारण एकदां नव्या आवृत्तींत नेलेल्या नोंदी जुनींत बहुधा उघडत नाहींत. छपाईचें यंत्र नव्या आवृत्तीशीं जुळतें कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहून घ्यावें.

१९९४ सालीं शकुंतलेचें वाफेचें इंजिन गेलें आणि डिझेलचें आलें. रुळांचें अंतर मात्र अडीच फूटच राहिलें. मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गावर ती गाडी तेव्हांही जाऊं शकली नाहीं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति दाखविणाऱ्यास ग्राहकानें एवढेंच विचारावें कीं, ही केवळ इंजिन बदलते कीं रूळही जुळवते? रूळ जुळत असतील तर पैसे द्यावे. नसतील, तर जुनें इंजिन अजून धांवतें आहे.