कान झाकलेले, माणूस समोर

औषधाच्या दुकानात हल्ली रोज दिसणारे दृश्य. दुकानदार पाकिटावर पेनाने खुणा करत सांगत असतो, ‘ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री जेवणानंतर, आणि ही पाच दिवस पूर्ण घ्यायची, मध्येच सोडायची नाही.’ समोरचा तरुण मान डोलावतो, पैसे देतो, निघतो. त्याच्या दोन्ही कानांत इअरबड असतात. गाणे बंद असेलही. पण दुकानदाराला ते कळायला मार्ग नाही. चालू असेल, तर त्या तीन सूचनांपैकी कोणती पोहोचली हे देवच जाणे. केसपेपरच्या खिडकीवर, रुग्णालयात नाव पुकारले जाते तेव्हा, बसमध्ये तिकीट काढताना हेच घडते.

याला उद्धटपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण हा प्रश्न कानाच्या आरोग्याचाही आहे, आणि गंमत म्हणजे तो हेडफोन बनवणाऱ्यांनाच सर्वांत आधी पडला होता. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये जुलै १९७९ मध्ये बाजारात आला. चारचौघांत एकट्यानेच कान झाकून गाणी ऐकणे लोकांना असभ्य वाटेल, अशी चिंता कंपनीचे अकिओ मोरिता यांना होती. म्हणून त्या यंत्राला दोन हेडफोन जोडायची सोय होती आणि एक नारिंगी बटणही होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली येई आणि बाहेरचे बोलणे मायक्रोफोनमधून हेडफोनमध्ये ऐकू येई. पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेले. आज महागड्या इअरबडमध्ये बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय पुन्हा आली आहे, पण समोर माणूस आल्यावर ती वापरण्याचे लक्षात कोणाच्या राहते?

कान झाकलेला माणूस मोठ्याने का बोलतो, याचेही उत्तर जुने आहे. एतिएन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिले की, कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की आवाज आपोआप खाली येतो. यात हेतू नसतो. मेंदू स्वतःचा आवाज कानाने तपासत असतो आणि तो ऐकू येईना की वाढवतो. त्यामुळे कानात गाणे चालू ठेवून शेजाऱ्याशी बोलणारा सगळ्या बसला ऐकू जातो. फोनवर बोलणाऱ्याचे तर फक्त अर्धेच संभाषण इतरांच्या कानी पडते, आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पूर्ण संभाषणापेक्षा असे अर्धवट संभाषण ऐकणाऱ्याचे लक्ष अधिक विचलित करते. पुढचे वाक्य काय असेल, याचा अंदाज मेंदू बांधत बसतो. राहता राहिले हेडफोनच न लावता बसभर रील वाजवणारे. त्यांच्यापेक्षा कान झाकून बसलेला शंभर पटींनी सभ्य, हे मान्य करायला हवे.

मात्र तो सभ्य माणूस स्वतःच्या कानाशी कसा वागतो, हे पाहायचे तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. तिथे तांब्याच्या घंगाळांवर, हंड्यांवर हातोड्याचे ठोके अजून ऐकू येतात, पूर्वीइतके नसले तरी. भांडे घडल्यावर त्यावर एकसारखे ठोके उमटवण्याच्या कामाला तांबट मठारकाम म्हणतात. अशा कामाने कान जातात, हे वैद्यकशास्त्राला तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिस शहरातल्या तांबटांच्या वस्तीचे वर्णन आहे. दिवसभराच्या ठोक्यांनी त्यांना कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने नोंदवले.

हातोडा असो वा इअरबड, आत बिघडते ते एकच. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाच्या माराने आधी जातात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासचे चिरके स्वर टिपणाऱ्या. स, श, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख अशाच स्वरांवर अवलंबून असते. म्हणून सुरुवातीची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसतेच; ‘ऐकू येते, पण काय बोलतात ते कळत नाही, हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात’ अशी असते. तांबट निदान कमाईसाठी कान झिजवत होता.

किती आवाज चालेल? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात चारच तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबल. अडचण अशी की रस्त्यावरच्या गोंगाटावर मात करायची म्हणून गाणे त्याच्याही वर चढवले जाते, आणि चढवलेला आवाज घरी आल्यावर तसाच राहतो. फोनमध्ये आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवावी. साध्या इअरफोनची दुसरी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाचे नेहमीचे बोलणे ऐकू आले पाहिजे. ते येत नसेल, तर आवाज कानाला जास्त आहे आणि समोरच्यालाही आपण टाळतो आहोत.

बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन याला अपवाद. बसच्या इंजिनाची किंवा मेट्रोची सततची घरघर ते चांगली दाबतात, त्यामुळे कमी आवाजात ऐकता येते. कसबा पेठ स्थानकातून मेट्रोत बसल्यावर ते जरूर लावावेत. मात्र स्थानकाबाहेर पडताना काढावेत. पेठेतल्या बोळांत पदपथ नाही, दुचाक्या दोन्हीकडून येतात आणि विजेवरच्या गाड्यांचा आवाज मुळातच कमी. पाठीमागे डोळे नसतात, कान असतात.

विसर्जन मिरवणुकीत डीजेचा त्रास नको म्हणून इअरफोन लावून मोठ्याने दुसरी गाणी ऐकणारेही भेटतात. आगीतून फुफाट्यात. तिथे फोमचे इअरप्लग वापरावेत. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि मैत्री कितीही घट्ट असो, एकमेकांचे इअरबड कानात घालू नयेत. पावसाळ्यात दमट कानात बुरशी सहज धरते.

शिष्टाचार दुसऱ्या बाजूनेही हवा. कानात काही दिसले म्हणून माणूस मुद्दाम दुर्लक्ष करतो आहे, असे समजू नये. आताची श्रवणयंत्रे इअरबडसारखीच दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर सप्टेंबर २०२४ मध्ये एका कंपनीच्या इअरबडला श्रवणयंत्र म्हणून वापरायला परवानगीही दिली. अशा वेळी मागून हाक मारण्याऐवजी समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलावे. आणि तरुण मुलगा घरात वारंवार ‘काय?’ विचारू लागला, किंवा गाणे थांबल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली, तर त्याला रागावण्याआधी कान-नाक-घसा विभागात नेऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी जावे, कारण त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते.