ठराव झाला, तरी पाणी दूरच राहिले

महाडचे चवदार तळे कागदावर १९२४ मध्येच सर्वांना खुले झाले होते. आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनेही ठराव केला. मनाईचा नियम उरला नाही. तरीही पुढची तीन वर्षे अस्पृश्य माणूस त्या पायऱ्या उतरला नाही.

का उतरला नाही? ज्याच्या बलुत्यावर घर चालायचे, ज्याच्या खळ्यावरून धान्य यायचे, त्याचाच त्या पाण्याला हात लावायला विरोध होता. स्वातंत्र्य म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या तीन वर्षांत सर्वात स्पष्ट दिसतो. आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ मांडले : आपल्या वाटेत कोणी आडवे न येणे, आणि आपल्या आयुष्याचे धनी आपणच असणे. महाडमध्ये सरकार आडवे येत नव्हते, गाव येत होते. कायदा बाजूला झाला म्हणून माणूस मोकळा होत नाही, हे इथल्या लोकांना बर्लिन यांच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यासाठी इथल्याच रामचंद्र बाबाजी मोरे यांनी खपून तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. लगेच अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. प्रतिनिधींत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते, पण बाबासाहेबांनी प्रतिहल्ला करू दिला नाही. मग शेण-गोमूत्राने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला.

मला हा प्रसंग मारहाणीहूनही बोलका वाटतो. जे ठरावाने दिले, ते ठरावानेच काढून घेतले. दुसऱ्याच्या मर्जीवर टिकते ती परवानगी. ती कितीही मोठ्या मनाने दिलेली असो, तिला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तुरुंगात जायच्या तयारीने. पण तळे खासगी असल्याचा दावा दाखल होऊन न्यायालयाची मनाई आली होती. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावणे पुढे ढकलले. लोकांनी मिरवणुकीने तळ्याला वळसा घातला. आपल्या भाषेतला ‘स्वतंत्र’ शब्द इथे नीट उलगडतो : स्वतःचे तंत्र, स्वतः घालून घेतलेली शिस्त. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि दहनाचा ठराव मांडला ब्राह्मण समाजातल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. परिषदेतल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण करून दिली. चवदार तळ्याच्या पाण्यावाचून आम्ही मरत नाही, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयीन लढा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा उल्लेख आला.

महाडहून पोलादपूरकडे निघाले, की सावित्री सोबत असते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी ही नदी. तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांमध्ये बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. आज पाण्यावर हक्क सर्वांचा आहे, पण पाणीच नाही. टँकर कधी येणार हे दुसरेच कोणी ठरवते, आणि बाईचा अख्खा दिवस त्यावर बेततो.

२० मार्च २०२७ रोजी त्या ओंजळीला शंभर वर्षे होतात. तळ्यावर रोषणाई जरूर व्हावी. पण महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या लोकप्रतिनिधींनी त्याआधी उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या वाड्यांची यादी चवदार तळ्याच्या काठावर जाहीर वाचावी आणि प्रत्येक वाडीपुढे नळ येण्याची तारीख सांगावी.