तासाभराच्या आकाशात पहिला वर्ग

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी साऱ्या मराठवाड्यात विख्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी उन्हाळी मिरचीची तोडणी सुरू झाली की परप्रांतांतील व्यापारी येथे मुक्काम ठोकतात, मालाने भरलेल्या मोटारी रातोरात दूरदूरच्या शहरांकडे निघतात, आणि गावाच्या व्यवहाराचा धागा दिल्ली-मुंबईच्या पेठांशी रोजच्या रोज जुळतो. अशा गावातून विमानाने जाणारी माणसे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. वसुलीसाठी दिल्लीला निघालेला व्यापारी, मुंबईच्या इस्पितळात आईला तपासणीसाठी नेणारा मुलगा, परदेशी शिकायला चाललेल्या नातवाला निरोप देण्यास निघालेले आजी-आजोबा, या सर्वांना तिकीट काढताना एकाच विमानाच्या दोन किमती शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांतील मोठी किंमत देणे रास्त की अयोग्य, हा विचार क्षणभर तरी मनात येतोच. हा विचार क्षुल्लक नाही. कष्टाने मिळवलेल्या रकमेचा विनियोग कोठे करावा याविषयीचा तो निर्णय आहे, आणि त्यासाठी आवश्यक असलेली माहिती तिकीट विकणारे सहसा एकत्र देत नाहीत.

आपल्या देशांतर्गत उड्डाणांत पहिला वर्ग या नावाने सहसा काही विकले जात नाही. विमानाच्या नाकाकडील, पडद्याने विभागलेल्या दालनास बिझनेस क्लास म्हणतात आणि लोक त्यालाच पहिला वर्ग समजतात. ते दालन प्रत्येक विमानात असतेच असेही नाही. इंडिगोच्या बहुतेक विमानांत आजही एकच वर्ग आहे. त्या कंपनीने रुंद आसनांचे वेगळे दालन प्रथम दिल्ली-मुंबई या मार्गावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केले. लहान, पंख्यांच्या एटीआर विमानांत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए-३२० निओ विमानात पुढे केवळ ८ आसने बिझनेसची, त्यांमागे २४ प्रीमियम इकॉनॉमीची आणि उरलेली १३२ सामान्य वर्गाची असतात. बिझनेसमध्ये एका रांगेच्या पाठीपासून पुढच्या रांगेच्या पाठीपर्यंतचे अंतर ४० इंच, प्रीमियममध्ये ३२ इंच आणि सामान्य वर्गात २८ ते २९ इंच. ज्या माणसाची मांडी लांब आहे किंवा ज्याचा गुडघा वाकताना दुखतो, त्याला या अकरा-बारा इंचांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. आसनाची रुंदी, दोन आसनांमधील स्वतंत्र हात, काचेच्या भांड्यांतून येणारे जेवण, विमानतळावरील विश्रांतिकक्ष, सामानाची अधिक मुभा आणि चढण्या-उतरण्यात अग्रक्रम, हे सारे त्या मोठ्या किमतीत समाविष्ट असते.

आता हे सुख किती काळ भोगावयास मिळते, याचा हिशेब करावयास हवा. कारण खरा वाद काळाचाच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर. वेळापत्रकात या प्रवासाला तासाभराचा अवधी दाखवलेला असतो, परंतु त्या तासात विमान धावपट्टीपर्यंत सरपटत जाते, वर चढते, उतरणीला लागते आणि उतरल्यानंतर पुन्हा फलाटापर्यंत रखडत येते. पट्टा सोडून, पाठ मागे टेकून निश्चिंत बसता येईल असा काळ अर्धा-पाऊण तासाहून अधिक उरत नाही, आणि तेवढ्या अवधीत जेवण वाढायचे, खायचे आणि ताट परत घ्यायचे असल्यामुळे वाढणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची दोघांचीही तारांबळ उडते. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या समयी विमानांना आकाशात घिरट्या घालीत थांबावे लागते. तेव्हा हा काळ थोडा लांबतो खरा, परंतु विलंब व्हावा म्हणून कोणी जादा पैसे देत नाही.

उदाहरणादाखल असे समजू की, सामान्य वर्गाचे मूळ भाडे ४,००० रुपये आणि पुढच्या दालनाचे १२,००० रुपये आहे. सामान्य वर्गावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर इतर वर्गांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला आहे. म्हणजे एकीकडे ४,२०० आणि दुसरीकडे १४,१६० रुपये. फरक जवळजवळ दहा हजारांचा. चाळीस मिनिटांच्या सुखासाठी ही रक्कम मोजणारा मनुष्य दर मिनिटास सुमारे अडीचशे रुपये देत असतो. प्रत्यक्ष भाडी दिवसागणिक बदलतात आणि कधी कधी हा फरक पुष्कळ कमीही होतो, म्हणून वाचकांनी माझे आकडे न घेता माझी रीत घ्यावी: कर धरून फरक काढावा, आणि विमान प्रत्यक्ष हवेत स्थिर असण्याच्या मिनिटांनी त्यास भागावे. दिल्लीच्या दोन तासांच्या प्रवासात उत्तर बरेच सौम्य येईल. मुंबईच्या प्रवासात ते बहुधा कठोरच येईल.

वर्गभेदाचा इतिहास पाहिला तर या हिशेबाला आधार मिळतो. पहिला वर्ग ही कल्पना दीर्घ प्रवासाच्या पोटी जन्मली. बॅलार्ड पिअरवरून विलायतेस निघालेल्या बोटीवर दोन-तीन आठवडे काढावे लागत. रेल्वेत एक-दोन रात्री जात. अशा वेळी झोप मिळणे वा न मिळणे, स्वच्छ स्नानगृह असणे वा नसणे, हा आरोग्याचाच प्रश्न होता. महात्मा गांधींनी १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या दुःस्थितीविषयी लेखणी उचलली ती याच कारणाने, आणि तो तिसरा वर्ग नावापुरता का होईना रद्द व्हायला १९७४ साल उजाडावे लागले. विमानाची गोष्ट उलट क्रमाने घडली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनकडे झेपावले, तेव्हा विमानात बसणे हाच श्रीमंती थाट होता. अटलांटिक महासागरावरील उड्डाणांत स्वस्त पर्यटक वर्ग १९५२ च्या मे महिन्यात आला आणि तेथून पुढे आकाशातील प्रवासी दोन भागांत विभागले गेले. तथापि तीही उड्डाणे बारा-पंधरा तासांची होती. रात्रभराच्या प्रवासासाठी निर्माण झालेली सोय तासाभराच्या प्रवासात तशीच्या तशी नेली, म्हणजे तिचे बाह्य रूप शिल्लक राहते आणि प्रयोजन मात्र गळून पडते.

याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात मिळते. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. तिच्यातही साधी खुर्ची आणि एक्झिक्युटिव्ह खुर्ची असे दोन दर्जे आहेत आणि दुसऱ्याचे भाडे पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. परंतु जालन्याहून मुंबई गाठेपर्यंत तेथे सुमारे सात तास बसावयाचे असते, त्यामुळे कंबरदुखीच्या माणसाने ती दुप्पट रक्कम दिली तर त्याला मी अपव्यय म्हणणार नाही. विमानातील जादा रकमेहून कितीतरी कमी पैशांत त्याला दहापट काळ आराम मिळतो.

पिंपळगावच्या प्रवाशाचा संपूर्ण दिवस डोळ्यांसमोर आणला म्हणजे विमानातील तो तास आणखीच लहान दिसू लागतो. घरून भोकरदनमार्गे चिकलठाण्याला पोहोचण्यास मोटारीने दोन तासांच्या आसपास लागतात. चेक-इनची खिडकी सुमारे तासभर आधी बंद होते म्हणून त्याहून आधी पोहोचावे लागते. मुंबईत उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि मग अंधेरी-परळची वाहतूक. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी अखेरच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाल्यापासून तर संपूर्ण रस्त्याने जाणाऱ्या मोटारीला लागणारा वेळ विमानाच्या एकूण वेळेच्या फारसा मागे राहिलेला नाही. या दिवसात शरीर शिणते ते खड्ड्यांच्या रस्त्यावर, रांगेत आणि शहरातील कोंडीत, आकाशात नव्हे. तेव्हा जादा पाच-दहा हजार खर्चण्याची ऐपत आणि इच्छा असेल, तर गर्दीच्या जीपऐवजी स्वतंत्र चांगली मोटार करणे, भल्या पहाटेचे विमान असल्यास आदल्या रात्री संभाजीनगरात मुक्काम करणे, मुंबईत इस्पितळाजवळ खोली घेणे, यांत तो पैसा माणसाच्या देहाला खरोखर लागतो. हे माझे ठाम मत आहे.

मात्र प्रतिष्ठेचा मुद्दा तुच्छ लेखून चालणार नाही. शासनाच्या प्रवासभत्त्याच्या नियमांत हुद्द्याप्रमाणे वर्ग ठरतो; केंद्र सरकारच्या सेवेत वेतनस्तर १४ आणि त्यावरील अधिकाऱ्यांना बिझनेसची मुभा आहे आणि स्तर ६ ते १३ मधल्यांना सामान्य वर्गाची. ज्याचे भाडे खजिना वा कंपनी भरते त्याचा प्रश्न त्या दफ्तराने सोडवलेला असतो. पण ज्या शेतकऱ्याच्या मागील पिढ्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात उभ्याने गेल्या, त्याच्या मुलाला आपल्या आईला एकदा तरी सर्वांत पुढे बसवावेसे वाटले, तर त्या इच्छेत दंभ नाही. तीत कृतज्ञता आहे, आणि तिचा मला आदर वाटतो. त्या मुलाला मी एवढेच सुचवीन की, आईचा पहिला विमानप्रवास असेल तर आधी तिच्यासाठी खिडकीची जागा निश्चित करावी, आणि तीही पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची. मुंबईकडे जाताना डाव्या खिडकीशी बसल्यास आणि आकाश निरभ्र असल्यास, दक्षिणेकडे जायकवाडीचा नाथसागर पसरलेला दिसू शकतो आणि थोड्याच वेळात सह्याद्रीच्या कडा येतात. शेतात आयुष्य घालवलेल्या बाईला आपला मुलूख वरून पाहण्याचे जे अप्रूप असते, ते काचेच्या पेल्यातील सरबताला नाही.

काही प्रसंगी मात्र पुढचे दालन घ्यावेच. शस्त्रक्रियेनंतर परतणारा रुग्ण, गुडघा न वाकणारा वृद्ध, पाठीचा कणा दुखावलेला माणूस यांच्यासाठी अर्धा तासही दीर्घ असतो. दाराजवळचे, उठण्या-बसण्यास सुलभ आणि शेजाऱ्याचा धक्का न लागणारे आसन तेथे औषधासारखे उपयोगी पडते. ज्यांना चालणे अशक्य आहे त्यांच्यासाठी व्हीलचेअरची सोय कोणत्याही वर्गाच्या तिकिटावर मागता येते, त्यासाठी मोठे तिकीट घेण्याची गरज नाही. ही मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवावी. आपत्कालीन दाराजवळच्या ऐसपैस जागा वृद्धांना किंवा आजाऱ्यांना देत नाहीत, म्हणून त्या मार्गाने जाण्याचा विचार त्यांच्या बाबतीत सोडून द्यावा.

दुसरा प्रसंग सामानाचा. देशांतर्गत सामान्य तिकिटावर नोंदणीचे सामान साधारणतः १५ किलो मिळते आणि बिझनेसमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. मुंबईत संसार थाटणाऱ्या लेकीसाठी पापड, कुरडया, डाळी आणि वर्षभराचे तिखट घेऊन निघालेल्या कुटुंबास जादा वजनाचे शुल्क दर किलोमागे द्यावे लागते, आणि ते शुल्क व वर्गातील फरक यांची तुलना केल्यास क्वचित पुढचे दालनच परवडते. मिरचीची पूड हातातील पिशवीत नेऊ देत नाहीत, ती नोंदणीच्या सामानातच घालावी. पिंपळगावहून निघणाऱ्यास ही सूचना विशेष आवश्यक आहे.

तिसरा प्रसंग परदेशप्रवासाचा. एकाच तिकिटावर मुंबई किंवा दिल्लीहून पुढे दहा-बारा तासांचे उड्डाण बिझनेसमध्ये असेल, तर अलीकडचा लहान टप्पा बहुधा त्याच किमतीत येतो आणि मोठ्या विमानतळावरील चार-पाच तासांच्या प्रतीक्षेत विश्रांतिकक्षाचा खरा उपयोग होतो. याउलट केवळ विश्रांतिकक्षासाठी बिझनेसचे तिकीट काढणे योग्य नव्हे, कारण अनेक बँकांच्या कार्डांवर ती सोय वेगळी मिळते. ज्यांचा त्रास निव्वळ पायांच्या अडचणीचा आहे त्यांनी प्रीमियम इकॉनॉमी किंवा पुढच्या रांगेतील जादा जागेचे आसन पाहावे. आणि ज्यांना घाई नाही त्यांनी उड्डाणाच्या आधीच्या दोन-चार दिवसांत कंपनीकडून येणारा वर्गवाढीचा प्रस्ताव तपासावा, कारण रिकामी राहणारी ती मोजकी आसने तेव्हा पुष्कळदा कमी दरात देऊ केली जातात.

पुढच्या दालनाचे पैसे भरूनही कधी कधी ऐन वेळी विमान बदलते आणि प्रवाशास मागे बसावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून याविषयी नियम लागू केला आहे: प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्यास खालच्या वर्गात बसवल्यास, देशांतर्गत उड्डाणात करांसह तिकिटाच्या किमतीचा ७५ टक्के भाग कंपनीने परत करावयाचा आहे. विमानतळावर कर्मचाऱ्याने केवळ दिलगिरी व्यक्त केली किंवा पुढील प्रवासासाठी सवलतीचे कूपन देऊ केले, तर या नियमाचा उल्लेख करून अर्ज लेखी द्यावा, मूळ तिकीट आणि बदललेल्या आसनाचा बोर्डिंग पास दोन्ही जपून ठेवावेत, आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.