मोकळे ऑब्जेक्ट, ठरलेले आकार

पायथॉनमध्ये रिकामा क्लास दोन ओळींत लिहून होतो आणि त्याच्या ऑब्जेक्टला पुढे वाटेल तेव्हा वाटेल ते अ‍ॅट्रिब्यूट जोडता येते. ‘ग्राहक’ नावाचे ऑब्जेक्ट करा, ‘ग्राहक.नाव’ लिहा, मग ‘ग्राहक.पिनकोड’ लिहा, आधी कुठे काही जाहीर करावे लागत नाही. (2008 साली आलेल्या पायथॉन 3 पासून देवनागरी नावेही चालतात, तेव्हा हे उदाहरण टंकून पाहायला हरकत नाही.) आता शंभर ओळी खाली पिनकोड बदलताना कुणी ‘ग्राहक.पीनकोड’ असे दीर्घ लिहिले, तर पायथॉन हूं की चूं करत नाही. नवे अ‍ॅट्रिब्यूट तयार होते, जुना पिनकोड जागच्या जागी राहतो आणि पार्सल जुन्या पत्त्यावर जाते. या मोकळिकीचा गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांचा इतिहास बहुधा ‘स्वातंत्र्य विरुद्ध शिस्त’ असा सांगितला जातो, आणि अलीकडे शिस्त जिंकली असा त्याचा शेवट केला जातो. मला ही मांडणी पटत नाही. बहुतेक ऑब्जेक्टना ही मोकळीक फक्त जन्माच्या वेळी लागते, त्यानंतर ती वापरलीच जात नाही. प्रोग्रॅमर मान्य करोत वा न करोत, भाषा चालवणाऱ्या इंजिनांनी हे फार आधी ओळखले होते.

पुरावा म्हणून ‘सेल्फ’कडे जाऊ. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी 1986 मध्ये झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात ही भाषा आखली. तिच्यात क्लास ही गोष्टच ठेवली नाही. एखादे नमुन्याचे ऑब्जेक्ट घ्यायचे, त्याची प्रत काढायची, प्रतीला हवे ते जोडायचे. मोकळिकीची याहून टोकाची कल्पना करणे कठीण. अडचण अशी की प्रत्येक प्रतीने आपल्या नावांची यादी स्वतःच वागवायची म्हटले तर मेमरी आणि वेग दोन्ही हाताबाहेर जातात. 1989 मध्ये क्रेग चेंबर्स, उंगर आणि एल्गिन ली यांनी यावरचा उपाय प्रसिद्ध केला. एकाच नमुन्यातून निघालेल्या, त्याच आकाराच्या प्रतींची नावे आणि मांडणी एका सामायिक ‘मॅप’मध्ये ठेवायची; ऑब्जेक्टमध्ये उरतात फक्त बदलत्या व्हॅल्यू. कुणी एखाद्या प्रतीला नवे काही जोडले, तर तिच्यासाठी वेगळा मॅप. म्हणजे क्लास नसलेल्या भाषेच्या पोटात क्लाससारखेच काहीतरी तयार झाले, फक्त ते प्रोग्रॅमरला दिसत नव्हते. ही युक्ती फळते ती एकाच अटीवर : हजारो ऑब्जेक्टमागे मॅप मोजकेच हवेत. ती फळली.

जावास्क्रिप्टमध्ये हीच कथा मोठ्या प्रमाणावर घडली. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये ती लिहिताना प्रोटोटाइपची कल्पना सेल्फवरूनच घेतली होती. सप्टेंबर 2008 मध्ये गूगलने क्रोम आणला, त्यातल्या व्ही8 इंजिनाचा वेग ज्या गोष्टींवर उभा होता त्यांपैकी एक म्हणजे ‘हिडन क्लास’, सेल्फच्या मॅपचाच अवतार. इंजिनाचे प्रमुख लार्स बाक यांनी पूर्वी सेल्फवर काम केले होते, हा योगायोग नव्हे. इंजिन गृहीत धरते की एकाच ठिकाणी तयार होणारी ऑब्जेक्ट एकाच क्रमाने तीच नावे घेणार. गृहीतक मोडले, म्हणजे कुणी अ‍ॅट्रिब्यूट पुसत बसले किंवा ऑब्जेक्टागणिक वेगळी नावे देत सुटले, की इंजिन ते ऑब्जेक्ट साध्या डिक्शनरीसारखे वागवू लागते आणि वेग घसरतो.

यावर आक्षेप असा येईल की इंजिनाच्या सोयीवरून माणसाची गरज ठरवणे उफराटे आहे. मशीनला ठरलेला आकार आवडतो म्हणून प्रोग्रॅमरला मोकळीक नको असते असे कुठे सिद्ध होते? बरोबर आहे, नुसत्या सोयीवरून काही सिद्ध होत नाही. पण हिडन क्लास हा प्रोग्रॅमरवर घातलेला नियम नव्हता. वेबवर आधीच पडून असलेला, कुणालाही न विचारता लिहिलेला कोड जसाच्या तसा त्यावर चालवायचा होता. लोक खरोखरच दर ऑब्जेक्टला वेगळे रूप देत असते, तर हे तंत्र पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरले असते. ते टिकले, कारण मोकळीक हाताशी असूनही लोक ठरलेल्या आकाराचीच ऑब्जेक्ट लिहीत होते.

पायथॉनचा प्रवास मला यात सर्वांत बोलका वाटतो, कारण तिथे दोन्ही प्रवृत्ती एकाच घरात नांदल्या. पायथॉनच्या साध्या ऑब्जेक्टमागे पहिल्यापासून एक डिक्शनरी असते, अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे तिच्यातल्या नोंदी. 2001 च्या सुमारास अ‍ॅलेक्स मार्टेली यांची ‘बंच’ नावाची छोटी कृती प्रसिद्ध झाली : जितकी नावे-व्हॅल्यू द्याल तितकी थेट त्या डिक्शनरीत ओतणारा क्लास. कितीतरी प्रकल्पांत तो पुन्हा पुन्हा लिहिला गेला. 2001 च्याच अखेरीस आलेल्या पायथॉन 2.2 मध्ये ‘स्लॉट्स’ आले. क्लासने नावांची यादी आधीच द्यायची, मग ऑब्जेक्टमागे डिक्शनरी राहत नाही, मेमरी वाचते आणि यादीबाहेरचे नाव लिहिले की एरर येते. मूळ हेतू बचतीचा. वर सांगितलेला ‘पीनकोड’ त्यात पकडला जातो हा वरकड लाभ.

सप्टेंबर 2012 ची 3.3 आवृत्ती तर या विषयाचा नमुनाच म्हणावी. तिच्यात ‘सिंपलनेमस्पेस’ आला, म्हणजे बंचला अधिकृत लायब्ररीत मिळालेली जागा. आणि त्याच आवृत्तीत मार्क शॅनन यांच्या प्रस्तावानुसार एका क्लासच्या ऑब्जेक्टांच्या डिक्शनऱ्या नावांची यादी सामायिक ठेवू लागल्या. त्या प्रस्तावात ऑब्जेक्टप्रधान प्रोग्रॅमची मेमरी 10 ते 20 टक्के वाचते असे मोजमाप दिले आहे. नावे जन्मतानाच, ठरल्या क्रमाने दिली तर लाभ पुरा. एका हाताने भाषा मोकळे ऑब्जेक्ट देत होती, दुसऱ्या हाताने ते फारसे कुणी मोकळे वापरत नाही यावर पैज लावत होती. सेल्फला तेवीस वर्षांपूर्वी सापडलेलीच ही गोष्ट.

मग ही मोकळीक मुळात ठेवायचीच कशाला, असे जावा-सीशार्पवाले विचारतील. त्यांना उत्तर त्यांच्याच घरातून मिळते. 2010 मध्ये सीशार्प 4 सोबत मायक्रोसॉफ्टने ‘एक्स्पांडोऑब्जेक्ट’ दिला, ज्याला रनटाइमला हवी ती नावे जोडता येतात. जावात हीच गरज लोक वर्षानुवर्षे हॅशमॅपवर भागवत आले. बाहेरून येणाऱ्या डेटाचा आकार कोड लिहिताना ठाऊक नसतो, ही अडचण कडक भाषेतही सुटत नाही. कुणाची तरी सेवा जेसन पाठवते, त्यात आज बारा नावे, उद्या तेरा. त्या क्षणी मोकळे पात्र लागतेच.

पण घोटाळाही नेमका बाहेरचा डेटा आत येतो त्याच दारात होतो, आणि माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. रूबी ऑन रेल्समध्ये फॉर्ममधून आलेली सगळी नावे एका झटक्यात मॉडेलच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये भरता यायची. मार्च 2012 मध्ये एका तरुण प्रोग्रॅमरने गिटहबच्या फॉर्ममध्ये मालकाचा आयडी दाखवणारे एक जादा नाव घुसवले, आपली ‘पब्लिक की’ रेल्सच्या खात्याला जोडली आणि रेल्सच्याच रिपॉझिटरीत कमिट करून दाखवले. पुढच्या वर्षी रेल्स 4 मध्ये ‘स्ट्राँग पॅरामीटर्स’ आले : कोणती नावे आत घ्यायची हे कंट्रोलरने स्पष्ट सांगायचे. म्हणजे दारातली मोकळीकच धोक्याची ठरली ना? मला वाटते, चूक वाटेल ते स्वीकारण्यात नव्हती; स्वीकारलेल्या नावाला तिथल्या तिथे अ‍ॅट्रिब्यूटचा हुद्दा देण्यात होती. डिक्शनरीतली नोंद म्हणजे परक्याने पाठवलेला माल. अ‍ॅट्रिब्यूटवर आपला कोड विसंबतो. पायथॉनमधल्या पायडँटिकने हा फरक सरळ सेटिंगमध्येच आणला : न ओळखलेली नावे दुर्लक्षायची, नाकारायची की ठेवून घ्यायची, हे प्रोग्रॅमरने ठरवायचे. काही न ठरवल्यास ती दुर्लक्षिली जातात.

डिसेंबर 2022 मध्ये दोन भाषांनी एकाच दिशेने पाऊल टाकले. पीएचपी 8.2 ने जाहीर न केलेली अ‍ॅट्रिब्यूट जोडणे कालबाह्य ठरवले, म्हणजे कोड चालतो पण इशारा येतो. ‘एसटीडीक्लास’ या तयार रिकाम्या क्लासला मात्र सूट राहिली आणि ज्या क्लासला मोकळीक हवी त्याने तसे लिहून मागण्याची सोय ठेवली. रूबी 3.2 ने ‘डेटा’ नावाचा, नावे आधी ठरवणारा आणि नंतर न बदलणारा प्रकार आणला. तिच्या जुन्या, मोकळ्या ‘ओपनस्ट्रक्ट’चे दस्तऐवजच आता तो शक्यतो वापरू नका असे सांगतात. शिस्त जिंकली म्हणणारे याकडे बोट दाखवतात. मला त्यात पीएचपीची सूट अधिक महत्त्वाची दिसते. मोकळीक बंद झाली नाही, ती मागून घ्यावी लागू लागली.

पायथॉनने तर तेवढेही केले नाही. एरिक स्मिथ यांचे डेटाक्लास 2018 मध्ये 3.7 सोबत आले, त्याआधी हिनेक श्लावाक यांच्या ‘अ‍ॅटर्स’ने वाट पाडली होती. नावे वर एकत्र लिहिली की बांधणी, तुलना, छपाई हे सगळे आपोआप मिळते. तरी डेटाक्लासच्या ऑब्जेक्टला नंतर भलते अ‍ॅट्रिब्यूट जोडले तर ते निमूट जोडले जाते. दार बंद हवे असेल तर स्लॉट्सचा पर्याय 2021 पासून, 3.10 मध्ये, एका शब्दात मिळतो, पण आपण होऊन लागत नाही. टाइप तपासणारी साधने हे कोड चालण्याआधीच पकडतात, मग वेगळे कुलूप कशाला, असा युक्तिवाद पायथॉनवाले करतात. तो अर्धाच खरा आहे. नोटबुकमध्ये डेटा चाळणारा माणूस ती साधने क्वचितच चालवतो, आणि नाव रनटाइमला मजकुरातून घडवून ‘सेटअ‍ॅटर’ने जोडले तर साधनालाही ते दिसत नाही. दीर्घ ‘पी’चा पीनकोड डेटाक्लासमध्ये आजही सुखेनैव राहतो.