महामार्गावरून गेलेली पाणबुडी

रस्त्याने प्रवास केलेली पाणबुडी तुम्ही ऐकली आहे काय? जर्मनीची 'यू-२३' ही तशी होती.

१९४२ साली जर्मनीला काळ्या समुद्रात पाणबुड्या हव्या होत्या. पण तेथे जाण्याच्या सामुद्रधुन्या तटस्थ तुर्कस्तानच्या ताब्यात; लढणाऱ्या राष्ट्रांच्या युद्धनौकांना त्या १९३६ च्या माँत्रो करारानुसार बंद. उरला नद्यांचा मार्ग. यू-२३ ची लांबी जेमतेम ४३ मीटर, म्हणूनच हे जमले.

एल्ब नदी उथळ. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे तुम्ही शिकलाच आहात. यू-२३ सुमारे २८० टन पाणी सारी आणि त्यासाठी जवळजवळ चार मीटर बुडे. मग तिची इंजिने, बॅटऱ्या, वरचा मनोरा उतरवला. वजन घटले, तशी ती वर आली. शिवाय रुंद तराफ्यांचा आधार दिला. तेवढेच पाणी मोठ्या क्षेत्रफळावर सारायचे, तर खोली कमीच लागणार! (वहीत आकडे मांडून पाहा.)

ड्रेस्डेन ते इंगोलश्टाट मात्र जमीन. तेथे बहुचाकी गाड्यांवर चढवून ट्रॅक्टरांनी तिला ओढत नेले. पुढे डॅन्यूब नदी. अशा सहा पाणबुड्या काळ्या समुद्रात पोहोचल्या.

ऑगस्ट १९४४ मध्ये रुमानियाने पक्ष बदलला, तळ गेला. परतीची वाट नव्हतीच. १० सप्टेंबरला खलाशांनी तुर्की किनाऱ्याजवळ यू-२३ स्वतःच बुडवली. तिचा सांगाडा २०१९ साली सापडला.